मे महिन्यातल्या इंदुरात वाइन: ठेवायची कुठे, द्यायची कशी

वाइन नीट राहायला १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि तेही वर्षभर एकसारखं. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. माळव्यातल्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या आहेत खऱ्या, पण वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला त्या गारव्याचा फारसा उपयोग नाही. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. अशा घरात दिवाळीला भेट आलेली रेड वाइनची बाटली शोकेसमध्ये मांडून ठेवली आणि पुढच्या डिसेंबरात उघडली, तर तिच्यात ताज्या फळाची चव शोधूनही सापडत नाही. पहिल्याच घोटाला वाइन नावडती ठरते ती पुष्कळदा अशा उकडलेल्या बाटलीमुळे.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मला एक गोष्ट मनापासून पटवायची आहे. आपल्या हवेत साठा करू नका. फ्रीजमध्ये मावेल तेवढंच आणा, दोन-तीन महिन्यांत संपवा, आणि रेडसकट सगळी वाइन थंड करून द्या.

आधी घर तपासा

कमाल-किमान नोंदवणारं छोटं डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतं. ते आणा आणि जिथे बाटली ठेवायचा विचार आहे तिथे आठवडाभर ठेवून बघा. मधल्या खोलीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, जिन्याखालची जागा, पलंगाखालचा कोपरा या जागा घरातल्या इतर जागांपेक्षा काही अंशांनी थंड निघतात. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत जाड भिंतींची, खिडकी नसलेली तळमजल्याची खोली असेल, तर ती शहरातल्या कुठल्याही नव्या फ्लॅटपेक्षा चांगली. स्वयंपाकघराचा माळा, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं कपाट, गच्चीवरची खोली आणि फ्रीजचा माथा या जागांचा विचारसुद्धा करू नका. फ्रीजवर तर मागून येणारी गरम हवा आणि कॉम्प्रेसरची थरथर असे दोन्ही त्रास.

आकडा किती आला यापेक्षा दिवस-रात्रीतला फरक किती आला ते जास्त लक्ष देऊन बघा. उष्णतेनं बाटलीतला द्रव फुगतो, बुचाखालची हवा दाबली जाते आणि बूच कणाकणानं वर सरकतं. रात्री थंडावल्यावर द्रव आकसतो आणि तीच बाटली बाहेरची हवा आत ओढते. हे रोज घडलं की वाइन आतून विटत जाते. दुसरीकडे, तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे ३५ अंशांच्या खोलीत बाटली महिन्याभरात जेवढी म्हातारी होते, तेवढी थंड तळघरात व्हायला कित्येक महिने लागतात. तापलेल्या वाइनला फळाचा ताजा वास राहत नाही, मुरांब्यासारखा शिजलेला वास येतो. एकदा तो आला की थंड करून परत जात नाही.

उजेडाचंही तसंच. पांढऱ्या पारदर्शक काचेच्या बाटलीतली रोझे (फिकट गुलाबी वाइन) किंवा व्हाइट वाइन उन्हात आणि तेज दिव्याखाली लवकर बिघडते. शोकेसमध्ये दिवा लावून बाटल्या मांडायची हौस असेल, तर रिकाम्या बाटल्या मांडा.

दुकानात काय बघायचं

आपल्याकडे द्राक्षांची तोडणी पावसाळ्यानंतरच्या छाटणीवर अवलंबून असते आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. म्हणजे भारतीय बाटलीवर २०२४ लिहिलेलं असेल, तर ती द्राक्षं त्या वर्षाच्या सुरुवातीलाच तोडलेली असतात. याशिवाय बाटली भरल्याचा महिनाही लेबलवर छापलेला असतो. तो बघून मनाशी हिशेब करा, की या बाटलीनं वायनरीच्या बाहेर किती उन्हाळे काढले असतील. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ अशा हलक्या व्हाइट वाइनवर एक उन्हाळा गेला असेल तर विचार करून घ्या, दोन गेले असतील तर सोडून द्या. रोझेलाही हाच नियम. ओकच्या पिंपात मुरवलेली शिराझ किंवा कॅबरने सोव्हिन्योंसारखी रेड नीट ठेवली तर काही वर्षं टिकते, पण ती दुकानात नीट ठेवली होती की नाही हे तुम्हाला ठाऊक नसतं.

म्हणून बाटली हातात घ्या आणि उजेडाकडे धरा. वाइनची पातळी मानेत, बुचाच्या जवळ असायला हवी. खांद्यापर्यंत उतरली असेल तर काहीतरी गळलं आहे किंवा उडालं आहे. बुचावरचं पातळ आवरण दोन बोटांत धरून हलकेच फिरवून बघा. ते मोकळं फिरलं तर चांगली खूण. चिकटून बसलं असेल किंवा मानेवर वाळलेला चिकट ओघळ दिसत असेल, तर ती बाटली कधीतरी तापून पाझरली आहे. बूच कडेच्या वर फुगून आलेलं असेल तर हात लावू नका. व्हाइट वाइनचा रंग फिकट गवती असायला हवा. चहासारखा तांबूस झाला असेल तर ती गेली. दर्शनी काचेत ठेवलेली बाटली घेऊ नका. मागच्या खोक्यातली मागा, दुकानदार देतो.

फिरकीच्या झाकणाची वाइन हलक्या प्रतीची, हा गैरसमज अजून आपल्याकडे आहे. नाशिकच्या पुष्कळ चांगल्या वाइन अशाच झाकणात येतात, आणि आपल्या हवेत मला हे झाकण बुचापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. ते वाळत नाही, वर सरकत नाही, आणि बाटली उभी ठेवा की आडवी, काही फरक पडत नाही.

खरेदी सगळ्या कामांच्या शेवटी करा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दुपारी ५० अंशांच्या पुढे तापमान जातं, आणि तासाभराच्या तशा भाजण्यानं चांगली बाटलीसुद्धा बिघडू शकते. बाटली डिकीत ठेवू नका, एसी चालू ठेवून सीटखाली ठेवा. दुचाकीवरून आणत असाल तर ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घाला आणि सरळ घरी या.

फ्रीज हेच तळघर

घरच्या फ्रीजचं तापमान ४ अंशांच्या आसपास असतं. पुस्तकी हिशेबानं हे वाइनला जरा जास्तच थंड. पण थंडीनं वाइन फक्त हळू मुरते, बिघडत नाही. मेमध्ये ३६ अंशांचं कपाट आणि ४ अंशांचा फ्रीज यांतून निवडायचं असेल तर डोळे झाकून फ्रीज निवडा.

बाटली दारातल्या कप्प्यात ठेवू नका. दार दिवसातून पन्नासदा उघडतं, दर वेळी गरम हवा लागते आणि बाटल्या हिंदकळतात. खालचा भाजीचा खण त्यातल्या त्यात बरा, कारण तिथे अंधार असतो आणि गारठाही जरा कमी. बुचाची बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं. फ्रीजमधली हवा कोरडी असते आणि सहा-आठ महिन्यांत बूच वाळायला लागतं, म्हणूनही दोन-तीन महिन्यांची मर्यादा मी धरतो. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली तर उजेड लागत नाही आणि लेबलही भिजत नाही.

काही दिवसांनी बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला खडीसाखरेच्या बारीक कणांसारखे स्फटिक दिसले तर घाबरू नका. द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे ते क्षार असतात. थंडीनं खाली बसतात, अपाय काही करत नाहीत. ओतताना शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.

घाईनं फ्रीझरमध्ये ठेवून विसरण्याचा प्रकार फार होतो. उणे पाच-सहा अंशांना वाइन गोठायला लागते, फुगते, आणि बूच बाहेर येतं किंवा काच तडकते. स्पार्कलिंगची, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनची, बाटली तर फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका.

आपल्या घरांत फ्रीज सगळ्यांचा असतो, हेही लक्षात घ्यायला हवं. देवाचं दूध, नैवेद्याचं साहित्य त्याच फ्रीजमध्ये असतं आणि आजी किंवा सासूबाईंना तिथे वाइनची बाटली चालेलच असं नाही. त्यांना आधी विचारा. एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा, खालच्या खणात, फक्त बाटल्यांसाठी, एवढ्यावर बहुतेक घरांत जमतं. नाहीच जमलं तर प्यायच्या दिवशी सकाळी एकच बाटली आणा आणि बर्फात थंड करा. ती कृती पुढे दिली आहे. लहान मुलं असतील तर डब्याला कुलूप हवंच.

वाइनसाठी वेगळा छोटा कूलर घ्यायचा विचार असेल तर कॉम्प्रेसरचा घ्या. बाजारात स्वस्तात मिळणारे थर्मोइलेक्ट्रिक कूलर आवाज करत नाहीत, थरथरत नाहीत, पण आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशांनीच खाली आणू शकतात. म्हणजे ४० अंशांच्या खोलीत आतलं तापमान २० च्या खाली क्वचितच येईल. ज्या महिन्यांत त्याची गरज, त्याच महिन्यांत तो हात टेकतो. कॉम्प्रेसरच्या कूलरला स्टॅबिलायझर लावा, मागे वीतभर जागा सोडा आणि तो बाल्कनीत ठेवू नका. वीज गेली तर दार उघडू नका, दोन-तीन तास काही बिघडत नाही. पण वर्षाला पाच-सात बाटल्या आणणाऱ्या घराला याची अजिबात गरज नाही. त्या पैशांत चांगली वाइन प्या.

महिन्यांचा हिशेब

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, निघाली की बाटल्या कपाटातून फ्रीजमध्ये हलवायची वेळ झाली असं समजा. तिथपासून पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत बाहेर काहीच ठेवायचं नाही, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर दुकानातून आणलेली बाटली ओट्यावर तासभरसुद्धा नको. पावसाळ्यात गरमी उतरते पण दमट हवेनं लेबलावर बुरशी येते. ती बाहेरची असते, कोरड्या फडक्यानं पुसून टाका. बुचाच्या वरच्या बाजूला काळपट डाग दिसला तरी आतली वाइन चांगली असू शकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र आपले. या चार महिन्यांत मधल्या खोलीतलं कपाट रेडसाठी पुरेसं थंड असतं आणि फ्रीज मोकळा राहतो.

थंड करणं आणि देणं

स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, व्हाइट आणि रोझे ८ ते १२, रेड १५ ते १८. एवढे आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असं सांगतात ते युरोपातल्या थंड, दगडी घरांना धरून. आपल्या मे महिन्यातल्या बैठकीच्या खोलीत ३४ अंशांची रेड घोटली तर नुसतं अल्कोहोल नाकात जातं आणि फळ कुठेच लागत नाही. फ्रीजमधली रेड उन्हाळ्यात अर्धा तास आधी बाहेर काढा. तेव्हा ती जरा जास्तच थंड असेल, पण ग्लासात उरलेले अंश चढायला दहा मिनिटं पुरतात. थंडीत तीच बाटली दोन तास आधी काढावी लागते.

गरम बाटली फ्रीजमध्ये ठेवून व्हाइटच्या तापमानाला यायला चार तास तरी लागतात. पाहुणे दारात उभे असतील तर बर्फाचा मार्ग धरा. स्टीलचं खोल भगोणं किंवा छोटी बादली घ्या. अर्धी बर्फानं भरा, वर पाणी ओता, मूठभर जाडं मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फाचे खडे काचेला इथेतिथेच टेकतात, पाण्यानं मात्र थंडी सगळीकडून लागते. मिठानं पाणी शून्याच्याही खाली जातं. मधूनमधून बाटली हलकेच गोल फिरवा. व्हाइटला वीस-पंचवीस मिनिटं, रेडला दहा-बारा मिनिटं पुरतात.

बर्फ नसेल आणि हवा कोरडी असेल तर माठाचं तत्त्व वापरा. सुती पंचा भिजवून बाटलीभोवती गुंडाळा आणि खोलीतल्या हवेच्या कूलरसमोर वाऱ्यात ठेवा, पंचा वाळू लागला की पुन्हा ओला करा. एप्रिल-मेमध्ये यानं बाटली माठातल्या पाण्याइतकी, म्हणजे पंचविशीच्या आसपास उतरते. रेडसाठी एवढंही खूप असतं. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, कारण हवेतच ओल असते आणि पाणी उडत नाही.

ग्लास धुतल्यावर साबणाचा किंवा कपाटाचा वास राहिला नाही ना ते हुंगून बघा. ओतताना एकतृतीयांशच भरा. १२५ मिलीच्या हिशेबानं ७५० मिलीच्या बाटलीत सहा ग्लास होतात, पण उन्हाळ्यात मी त्याहूनही कमी ओततो, कारण मोठा ओतलेला ग्लास संपेपर्यंत कोमट होतो. बाटली परत बर्फात ठेवा आणि पुन्हा पुन्हा थोडी थोडी द्या. ग्लास दांडीला धरायला सांगा, तळव्याची ऊब लागत नाही. ग्लासात बर्फ टाकला तर वाइन पाणचट होते. त्याऐवजी बिनबियांची द्राक्षं आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा आणि दोन-तीन ग्लासात सोडा.

बाटली उघडणं

बुचाच्या बाटलीसाठी लिव्हर असलेला साधा स्क्रू घ्या. आवरण ओठाच्या खालून गोल कापा, स्क्रूचं टोक बुचाच्या मधोमध लावा आणि सरळ खाली फिरवा. शेवटचा वेढा बाहेर राहू द्या म्हणजे बुचाचा भुगा वाइनमध्ये पडत नाही. बूच तुटलंच तर उरलेला तुकडा आत ढकला आणि वाइन धुतलेल्या मलमलच्या कापडातून गाळून घ्या.

स्पार्कलिंगच्या बाबतीत मात्र प्रत्येक नवख्या माणसानं हे नीट वाचावं. शँपेनच्या पद्धतीनं केलेल्या बाटलीत हवेच्या पाच-सहा पट दाब असतो आणि बाटली जितकी गरम तितका दाब जास्त. गरम बाटली उघडली तर निम्मी वाइन फेसासोबत जमिनीवर जाते आणि बूच डोळ्याला लागेल इतक्या जोरानं सुटतं. बाटली आधी पूर्ण थंड करा, आणि आणताना हिंदकळली असेल तर तासभर स्थिर ठेवा. आवरण काढा. तारेची कडी सहा अर्धे वेढे फिरवली की सैल होते. कडीला हात लावल्या क्षणापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. तार काढून टाकायचीही गरज नाही, सैल करून बुचासकट धरा. बाटली तिरपी करा, तोंड माणसांकडे, पंख्याकडे किंवा ट्यूबलाइटकडे नको. एका हातानं बूच घट्ट धरून दुसऱ्या हातानं बाटलीचा तळ हळूहळू फिरवा. बूच आपोआप वर यायला लागेल तेव्हा त्याला उलट दाबून अडवा, आणि गॅस हलकेच सुटू द्या. आवाज सुस्काऱ्याइतकाच यायला हवा. मोठा फटाका वाजला म्हणजे बुडबुडे वाया गेले.

सोबत काय

तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात आणि रेडमधला तुरटपणा त्यात भर घालतो. त्यामुळे जिरावण (इंदूरचा चटपटीत मसाला), शेव, मिरची यांच्या सोबत जड रेड देऊ नका. किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लाँ द्या. थंडीतले तळलेले गराडू (एक कंद) आणि कोरडी स्पार्कलिंग ही माझी सगळ्यात आवडती जोडी आहे. तेलकट आणि खारट चवीला तिचे बुडबुडे छान कापतात. दुधात शिजवलेल्या भुट्ट्याच्या किसाला व्हाइट चालते, वांग्याच्या भरताला हलकी, जरा थंड केलेली रेड. जलेबीच्या पुढे कुठलीच वाइन आंबट लागते, तेव्हा गोड येण्याआधी ग्लास उचलून ठेवा.

उरलेली बाटली

उघडलेली बाटली, रेड असली तरी, झाकण लावून लगेच फ्रीजमध्ये उभी ठेवा. व्हाइट आणि रेड तीन-चार दिवस बऱ्या राहतात. स्पार्कलिंग पकडीच्या झाकणानं एखाद-दोन दिवस. निम्मी उरली असेल तर छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ ओतून ठेवा, जितकी हवा कमी तितकी ती टिकते. आंबूस, नेलपॉलिशसारखा वास आला की ओतून द्या.

कायद्याचंही सांगायला हवं. मध्य प्रदेशात दारू विकत घ्यायला आणि प्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. घरात किती बाटल्या ठेवता येतात याची मर्यादा अबकारी धोरणात ठरते आणि धोरण बदलत असतं, तेव्हा जास्त आणायच्या आधी परवानाधारक दुकानात विचारा. नाशिकला वायनरी बघायला जा, चाखून या, पण खोकी गाडीत भरून बिजासन घाटातून आणू नका. परवान्याशिवाय राज्याची सीमा ओलांडून दारू नेणं गुन्हा आहे. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर इथली दारूची दुकानं १ एप्रिल २०२५ पासून बंद आहेत. आणि वडोदऱ्याच्या आत्याकडे किंवा मावशीकडे जाताना भेट म्हणून वाइन नेऊ नका. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, दाहोदच्या नाक्यावर गाडी तपासली जाऊ शकते. त्यांच्यासाठी शेवेचा पुडा आणि जिरावण घेऊन जा.